खंडोबाच्या पाठीमागचा राजा

समोरून

खंडोबा पळाला.

झालं असं, की छगन सोनाराने उजळायला आलेला चांदीचा टाक, म्हणजे देवघरातला देवाचा ठसा, निखाऱ्यावर धरला, आतली लाख पाघळली, तांब्याच्या पत्र्यातून देव सुटला आणि छगनचा चिमटा चुकवून पालाबाहेर गडगडत निघाला. काष्टीचा शनिवारचा बाजार. पायांचं नुसतं रान. लसणाच्या पाट्या, घोंगड्यांचे ढीग, शेळ्यांची दावी... आणि त्या सगळ्यांमधून रुपयाहून जरा मोठा खंडोबा कडेवर उभा राहून पळतोय, आणि त्याच्यामागे पदर खोचून, वाकून, चांगुणा.

"धरा! अवो धरा की कुनीतरी! देव हाय माझा!"

कुणीतरी धरला. बुटाने.

भलामोठा, काळा, फौजी बूट. पोरं गोटी दाबतात तसा त्याने तो पळता देव टाचेखाली अलगद दाबला. चांगुणाने मान वर केली. बुटाच्या वर खाकी विजार, विजारीच्या वर साधा सदरा, आणि सदऱ्याच्या वर हसू.

"देवावर पाय देता? डोळं हायत का बटनं?"

"डोळं हायत म्हनून तर सापडला. न्हाईतर म्हशीच्या पायाखाली गेल्ता तुमचा देव."

त्याने वाकून टाक उचलला, सदऱ्याला पुसला, कपाळाला लावला. तेवढ्याने चांगुणाचा निम्मा राग उतरला. उरलेला निम्मा ती जपून ठेवणार होती, पण त्याचं हसू एकाएकी थांबलं. तो टाक उलटसुलट करून बघत राहिला.

"बाई... ह्यो खंडोबा कुनी दिला तुमाला?"

"दिला म्हंजे? आमच्या देवघरातला हाय. माझ्या जन्माच्या आधीपास्नं."

"ह्याच्या पाठीमागं कोन बसलंय, ठाव हाय का?"

"म्हाळसा असंल."

"म्हाळसेला दाढी कवापास्नं आली?"

मागून

दाढी होती. नीट कातरलेली, चांगली टोकदार. गोऱ्या राजाची. तांब्याचा पत्रा मागे होता तोवर तो कुणाला दिसला नव्हता, आणि घरातल्या बायका दर रविवारी समोरच्या घोडेस्वाराला भंडारा लावत होत्या.

घोडेस्वाराचं म्हणाल तर त्यात कुणाची चूक नव्हती. घोड्यावर बसलेला तगडा पुरुष, हातात आखूड तलवार, टापांखाली एक कवटी, डोक्यावर सूर्य. जेजुरीच्या वाटेवरचं शेंबडं पोरही सांगेल की हा खंडोबा आणि ते मणी दैत्याचं मुंडकं. फक्त देवाच्या अंगावर कापड नव्हतं. चांगुणाने लहानपणी आजोबांना, आबासाहेबांना, विचारलं होतं, "आबा, खंडोबाचं धोतर कुठं हाय?" आबा म्हणाले होते, "घाईत गेला गं बाळा. लढाईवर."

"हे मेडल हाय," फौजी म्हणाला. "मागल्या लढाईतलं. पयल्या जर्मन लढाईतलं. आमच्या सुभेदारसायबांच्या बापाकडं असलंच हुतं. वरचा लटकवायचा दांडा कापलाय, बघा इथं. तीच वळख."

छगन सोनार पालातून बाहेर आला, बघितलं आणि कान पकडले. "माज्या बापाच्या हातचं काम हाय हे. म्हातारा मरंस्तवर बोलला न्हाई लाखेखाली काय दडवलंय ते."

चांगुणाला बाजाराचा गलका एकदम लांब गेल्यासारखा झाला. मागल्या लढाईतलं. मागल्या लढाईत त्यांच्या घरचं एकच माणूस गेलं होतं.

"कडेला नाव कोरल्यालं असतं," फौजी सांगत होता. "पर इथं नुसता भंडारा भरलाय. कोरून काढावा लागंल. मला वाचाय येतं. फौजेत रोमन अक्षरं घोटून घेत्यात."

तिने त्याच्या हातातून देव हिसकावला, ओच्यात बांधला.

"कोराय-बिराय नगं. देव हाय त्यो."

"बरं," तो म्हणाला. चार पावलं मागोमाग आला. "मग... फुडल्या शनवारी?"

चांगुणाने उत्तर दिलं नाही. पण तो फौजी, सहादेव, तीन वर्षं पलटणीत काढून आलेला गडी होता. शत्रू गप्प बसला म्हणजे काय समजायचं, एवढं त्याला शिकवलेलं होतं.

घरी

घरी राहीबाईकाकी जात्यावर बसली होती. कपाळावर कुंकू. ठसठशीत, जुन्या पैशाएवढं.

काकीचा नवरा, म्हणजे चांगुणाचा काका, तुळशीराम. राहीबाईला पंधरावं लागलं होतं तेव्हा तो पलटणीत भरती झाला आणि इराकात बसऱ्याला गेला. त्यानंतर काहीच नाही. लढाई संपली, गावोगावचे परतले, काहींचे सांगावे आले. तुळशीरामाचं ना बरं ना वाईट. गावाने आपापल्या परीने त्याला संपवून टाकलं. कुणी म्हणे, पळून गेला. कुणी म्हणे, तिकडेच एक इराणीण केली, चार पोरं आहेत. काकी ऐकून घ्यायची आणि सकाळी उठून कुंकू लावायची.

चांगुणाचे आईबाप ती पाळण्यात असतानाच पटकीत गेले. तिला वाढवलं काकीने. त्यामुळे तिच्या लग्नाचा विषय निघाला, की काकीचं एकच म्हणणं. "हिचं कन्यादान हिचा काका करील. जोडीनं पाटावर बसू आमी. तोवर थांबायचं."

दोन स्थळं थांबून थांबून परत गेली. आबासाहेब होते तोवर ते यावर कधी बोलले नाहीत. कन्यादानाचं नाव निघालं, की उठून गोठ्यात जायचे. मागल्या उन्हाळ्यात तेही गेले. आता घरात दोघीच, आणि चांगुणाला एकोणीस पुरी. शेजारची झुंबरबाई तोंडावर म्हणायची, "राही, तुझा नवरा यायचा तवा यील, पर पोरगी म्हातारी व्हईल गं."

चांगुणा कधी रडली नाही त्याबद्दल. तिला लग्नाची घाईच नव्हती.

त्या शनिवारपर्यंत.

कडेने

पुढच्या शनिवारी ती देव घेऊन आली; काकीला वाटत होतं, देव उजळायला छगनकडेच आहे. बाभळीचा काटा त्यानेच आणला. पांढरा, लांब, टोकाला सुईसारखा. छगनच्या पालात एका पोत्यावर ती बसली, पलीकडच्या पोत्यावर तो, आणि मधे एका फडक्यावर देव.

"आधी पाया पडा."

पडला.

"आता हळू. इजा झाली न्हाई पायजे."

"देवाला का अक्षराला?"

"दोनीला."

पिवळाजर्द भंडारा कडेतून चिमटी-चिमटीने निघत होता. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी विलायतेत कोरलेली अक्षरं, आणि त्यांवर तीस वर्षांची हळद. चांगुणा पुढे झुकून बघत होती. तिच्या केसांतून शिकेकाईचा वास येत होता आणि सहादेवचा काटा सारखा घसरत होता.

"काय निघालं?"

"आकडं हायत. पलटणीचा नंबर. एकशे धा."

"आनि नाव?"

"नाव फुडल्या शनवारी."

पुढल्या शनिवारी आभाळ भरून आलं. कार्तिक सरत आलेला, पाऊस यायचं काही कारण नव्हतं, तरी आला. हलका, ओला, अवेळी पाहुण्यासारखा लाजत. सगळा बाजार पालांखाली घुसला. एक घोंगडीवाला, दोन शेळ्या, छगन आणि हे दोघं, एवढे सगळे त्या एका ताडपत्रीखाली. शेळीने चांगुणाचा पदर चघळायला घेतला. तो सोडवायला तिने हात पुढे केला, त्यानेही केला, आणि एक क्षणभर दोघांच्या हातात एकमेकांची बोटं आणि शेळीचं तोंड... असं काहीतरी झालं. कुणीच आधी हात काढला नाही. शेवटी शेळीनेच तोंड काढलं.

"नाव?" चांगुणाने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"एक अक्षर निघालंय. टी."

"एक?"

"बारीक काम हाय."

छगन फुंकणी बाजूला ठेवून म्हणाला, "फौजी, तिथं काय नवनाथाची पोथी लिवलीय का रं? दोन शनवार झालं. मी एवढ्यात पाटल्यांचा जोड घडवला."

चांगुणाने सहादेवकडे पाहिलं. सहादेवने ताडपत्रीकडे पाहिलं.

"तुमाला वाचाय येतं का न्हाई?"

"येतं."

"मग?"

"वाचून झालं, की तू यायची न्हाईस."

'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"मी लसनासाठी येते बाजारात," ती म्हणाली.

"दर शनवारी? दोन बायकांचं घर... एवढा लसून कोन खातं?"

ती हसली. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. घोंगडीवाल्याने वळून पाहिलं. सहादेवला वाटलं, इटालीहून जिवंत परत आलो ते बरंच झालं.

मग त्याने विचारलं, "काकाचं नाव काय तुझ्या?"

"तुळशीराम."

त्याचा चेहरा बघून ती हसायची थांबली.

"तेच हाय," तो म्हणाला. "पयल्याच दिवशी वाचलं मी. पर तू काकीचं, कुकवाचं, कन्यादानाचं सांगत गेलीस, आनि... माझं तोंड उघडंना."

पाऊस थांबला होता. शेळ्या निघून गेल्या. सहादेव भराभर बोलत सुटला, की मेडल जित्यालाही मिळतं, मेलेल्यालाही मिळतं, त्यावरून काही ठरत नाही. माणूस तिकडे कैदेत राहतो, आजारी पडतो, काय काय होतं.

"शोधाल?" तिने विचारलं. "खरं काय ते?"

"राहात्याला एक म्हातारं हाय. कारभारीबाबा म्हनत्यात. एकशे धा पलटणीतलं. माझ्या वळखीच्यानं सांगितलंय. जाऊन येतो."

"मग?"

"मग काय?"

"मग... बघू."

बाजारात बोललं गेलं ते

— छगनच्या पालात हल्ली लई गर्दी असती म्हनं.
— गर्दी कुठली, दोघंच असत्यात.
— राहीबाईला ठाव हाय का?
— तिला नवरा कुठं हाय त्ये ठाव न्हाई, पुतनीचं काय सांगताय.

राहात्याहून

तो दौंडच्या गाडीने परत आला. चांगुणाने त्याला बाजाराच्या टोकापासून येताना पाहिलं. नेहमी तो लांबूनच हसायचा. आज वाटेतल्या म्हशीला त्याने पाठीवर थाप मारली, पोराला वाट करून दिली, छगनला रामराम केला. एवढं सगळं केलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. तिने लसणाची पिशवी खाली ठेवली.

"सांगा."

कारभारीबाबा आणि तुळशीराम एकाच कंपनीत होते. बसऱ्याच्या वर, नदीच्या वळणात एक गाव होतं, कूत. तिथे तुर्कांनी वेढा घातला आणि सगळा हिवाळा सोडला नाही. धान्य संपलं. सायबाने हुकूम दिला, घोडी कापा. गोऱ्यांनी खाल्लं, आपल्यातल्याही काहींनी शेवटी खाल्लं. कारभारीबाबांनीही खाल्लं. तुळशीरामाने नाही.

"म्हनाला, घोडं देवाचं वाहान हाय. आमच्या घरात खंडोबा हाय. देव ज्याच्यावर बसतो त्ये मी कसं खाऊ." सहादेव नखाने पोत्याचा सुतळीटाका उसवत होता. "वेढा उठायच्या आधीच गेला. भुकंनं. बाबांनी सोताच्या हातानं माती दिली नदीकाठी. मग बाबा कैदेत गेलं. तीन वर्षांनी परतलं. तुमच्या गावाला येऊन सांगायचं हुतं म्हनाले. पर आबासायेब त्यांना वाटंतच भेटलं, टेसनावर. पाय धरलं त्यांचं. म्हनाले, सून एकोनीस वर्षांची हाय माझी. तिला काय सांगू नगा."

आणि मग मेडल आलं असणार पाटलाकडून, चांगुणाच्या मनात आलं. आबांनी कागद कुठे दडवले असतील कोण जाणे. पण चांदीवर घोडा होता, घोड्यावर माणूस होता. ते त्यांच्याच्याने टाकवलं नाही. सुनेच्या कपाळावरचं कुंकू पुसवलं नाही, आणि पोराला घराबाहेर ठेववलं नाही. त्यांनी दोन्ही राखलं. त्याला देवघरात बसवला.

काकीने तीस वर्षं वाट पाहिली होती. आणि वाट पाहता पाहता दर रविवारी त्याला आंघोळ घातली होती.

"आता?" सहादेवने विचारलं.

तिला एकच दिसत होतं. तिने सांगितलं तर कन्यादान कुणासाठी थांबायचं कारण उरत नव्हतं. लग्न होईल. या माणसाशी, याच फाल्गुनात. आणि त्यासाठी काकीचं कुंकू जाईल. आपल्या कपाळाचं कुंकू तिच्या कपाळावरून काढून घ्यायचं.

"मी न्हाई सांगनार," ती म्हणाली.

"बरं."

"बरं काय? तुमी साकर-कारखान्यात चाललाय ना, डायव्हरच्या नोकरीवर. जावा. दुसरी बघा."

"मी थांबतो."

"कुठवर?"

"तुझा काका येईस्तवर," सहादेव म्हणाला.

काहीच न बोललेली जागा

छगन सोनाराने देव पुन्हा पत्र्यात बसवला, लाख ओतली, राजाला पुन्हा मागे झाकलं. त्याने मजुरी घेतली नाही.  निघताना सहादेवने तिची लसणाची पिशवी तिच्या हातात दिली तेव्हा तिने पिशवीसकट त्याची बोटंही धरली.

तळी

चंपाषष्ठीला खंडोबाची तळी, म्हणजे देवाचं भंडाऱ्याचं ताट, उचलायला पुरुष लागतात. दोन बायकांच्या घरी दरवर्षी भावकीतले चार जण यायचे. यंदा सकाळीच काकी म्हणाली, "पाचवा त्यो बाजारातला फौजी बोलीव."

चांगुणाच्या हातातली परात निसटली. "कोन फौजी?"

"किती फौजी हायत तुझं?"

तो आला. आंघोळ करून, केस चोपून, बूट बाहेर काढून. भावकी यायला अवकाश होता. चुलीशी झुंबरबाई भरताची वांगी भाजत होती, घरभर तो खरपूस वास. काकीने देव ताम्हनात घेतले होते. नवा उजळलेला खंडोबा सगळ्यांत चमकत होता. काकीने भंडाऱ्याची वाटी उचलली.

"चांगुणे, हात फुडं कर."

केला. काकीने तळव्यावर चिमूटभर भंडारा ठेवला. भंडारा हातावर घेऊन खोटं बोलायचं नसतं. ते तान्ह्या पोरालाही कळतं.

"आता बोल. पावशेर लसून आनायला दिवस मावळतो व्हय गं तुला?"

सहादेव भिंतीकडे बघत होता. भिंतीवर काहीही नव्हतं.

"काकी..."

"बोल."

"मला ह्ये... मला ह्ये आवडत्यात."

झुंबरबाईच्या हातातलं वांगं निखाऱ्यात पडलं. काकी मात्र खळखळून हसली. "अगं, ते तर काष्टीच्या म्हसरांनाबी ठाव हाय! मी काय आंधळी हाय का? पोरगा बरा हाय. देवाच्या पाया पडतो. तुझा काका आला, की..."

आणि तिथे ती थांबली. चांगुणा रडत होती. हात तसाच पुढे होता, आणि त्यावरचा भंडारा ओला होत होता.

"ह्येवढ्यावर कुनी रडत न्हाई," काकी हळू म्हणाली. "आनिक काय हाय?"

विचारलं नसतं तर चांगुणा बोलली नसती. मरेपर्यंत बोलली नसती. पण विचारलं. आणि तिच्या हातावर भंडारा होता.

तिने सांगितलं. कूत, नदी, वेढा. आबा स्टेशनवर. अडखळली तिथे सहादेवने पुढचं सांगितलं. झुंबरबाई तोंडाला पदर लावून उभी राहिली.

काकीने ताम्हनातून खंडोबा उचलला. कडेवरून अंगठा फिरवला. "इथं लिवलंय?"

"व्हय."

"तुळशीराम?"

त्या घरात तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच निघालं. तिने देव पदराने पुसला. मग म्हणाली, "मला वाटायचं, ह्यो देव धुताना हात का जड व्हतो माझा."

झुंबरबाईला रीत माहीत होती. ती पुढे आली, रडतच, आणि पदराचं टोक ओलं करून काकीच्या कपाळाकडे नेलं.

काकीने तिचं मनगट धरलं. "हात लावायचा न्हाई."

"राही... रीत हाय गं."

"कसली रीत? खंडोबा मेला असं म्हनतं का कुनी? देवघरात बसलाय माझा मालक. तीस वरसं म्या त्याला निवद दाखवलाय, आज तुमी येऊन मला रांडाव करताय?" तिचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. ती सहादेवकडे वळली. "त्यानं... खाल्लंच न्हाई? शेवटपत्तुर?"

"न्हाई काकी."

"खायाला पायजे हुतं," काकी म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून धार लागली होती. "खायाचं की रं घोडं. देवानं माफ केलं असतं. म्या तर कवाच केलं असतं."

बाहेर भावकीची माणसं आली. कुणीतरी दारातूनच येळकोट केला. काकीने डोळे पुसले. कपाळाला हात लावला नाही. देव ताटात ठेवला आणि म्हणाली, "उचला. जड हाय, नीट उचला."

तळी उचलली गेली. पाच जणांत सहादेवचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

फाल्गुनात

"वैनी," भटजी घसा खाकरून म्हणाले, "कन्यादानाला जोडपं लागतं. तुम्ही एकट्या..."

"जोडपंच बसलंय की," काकी म्हणाली.

तिच्या शेजारच्या पाटावर, हिरव्या खणावर, खंडोबा होता. भटजींनी एकदा देवाकडे पाहिलं, एकदा तिच्या कुंकवाकडे.  मग बाशिंगातून नवरा मुलगा म्हणाला, "भटजीबुवा, घ्या उरकून. ह्यांच्या काकांना लई लांबनं यावं लागलंय."

पहिली हसली ती काकी. मग भटजींना मंत्र म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

एकोणपन्नास साल

कारखान्याच्या खोल्यांपैकी शेवटची खोली त्यांची. समोर उसाचा पाला, दुपारभर मळीचा वास. टपालवाल्याने पुठ्ठ्याची एक डबी आणून दिली. सहादेवची मेडलं. पितळी तारे, रंगीत फिती, एक गोल नाणं.

काकी मुक्कामाला आली होती. डबीत डोकावून म्हणाली, "छगनकडं न्हेऊ. चांगली लाख भरून दील."

"नगं काकी," चांगुणा म्हणाली. "ह्यांचा देव नगं करूस. मला भांडायला मानूस लागतं."

"मग काय करायचं ह्याचं?" सहादेवने विचारलं. तो ओट्यावर बसून चपलेचा अंगठा शिवत होता.

"पोरीला द्यायचं."

"ती पाच म्हयन्यांची हाय."

"म्हनून काय झालं? कान हायत तिला." चांगुणाने डबी त्याच्या मांडीवर ठेवली. "एकेक काढून दावा, आनि कुठं काय झालं ते सांगा. सोताच्या तोंडानं. मागनं कुनाला बाभळीच्या काट्यानं उकरायला लागू नये."

"आत्ता?"

"जागी हाय ती."

सहादेवने चप्पल बाजूला ठेवली. पाळण्यापाशी मांडी घातली, तो गोल तुकडा पोरीच्या मुठीत दिला. मग हळूहळू, शब्द चाचपत, इटालीतल्या एका पुलाबद्दल सांगायला लागला. नदी गोठलेली, पहाटेचं धुकं, आणि शेजारी झोपलेला एक साताऱ्याचा पोरगा.

चांगुणा दारात उभी राहिली. हे त्याने तिलाही कधी सांगितलं नव्हतं.